एकदाच झालेला बळी : मराठवाड्यातील ख्रिस्ती विचाराची पार्श्वभूमी

दसऱ्याला बळी द्यायच्या रेड्याचे दावे, म्हणजे दोर, कोणी धरायचे, या प्रश्नापासून मराठवाड्यातल्या ख्रिस्ती विचाराचा इतिहास सांगायला हवा. सहसा तो तिथून सांगितला जात नाही. मिशनच्या शाळा, दवाखाने, दुष्काळातली मदत, बाप्तिस्म्यांचे आकडे यांवर बरेच लिहिले गेले आहे. बलिदान, देवापुढे मान तुकवणे आणि पापांची क्षमा या तीन गोष्टींचा अर्थ इथल्या माणसांनी आपल्या जगण्यातून कसा लावला, हे मात्र एखाद्या ओळीत उरकलेले असते. आज आत्महत्या केलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या मातीला उभा राहिलेला पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशक, काय बोलावे म्हणून अडखळतो, तेव्हा त्या अडखळण्यामागे दीडशे वर्षांचा न मिटलेला वाद असतो. हे टिपण त्या वादाविषयी आहे.

शास्त्रातली मांडणी वाचकांना ठाऊक आहे, म्हणून एवढेच नोंदवतो. इ.स. 70 मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर पाडले आणि तिथले पशुयज्ञ थांबले ते कायमचे. बायबलच्या नव्या करारातले इब्री लोकांस लिहिलेले पत्र ख्रिस्ताच्या मृत्यूची सांगड त्या मंदिरातल्या वर्षानुवर्षे चालणाऱ्या बळींशी घालते आणि सांगते, की हा बळी एकदाच आणि सर्वांसाठी झाला. पापासाठी आता दुसरे अर्पण उरलेले नाही. युरोपात या विधानावर शतकानुशतके काथ्याकूट झाला. खंडणी भरली ती कोणाला, देवाचा न्याय पुरा झाला की माणसाचे मन वळले, असे त्या वादाचे रूप होते. निजामाच्या राज्यातल्या मराठी मुलखात हे वाक्य आले, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या गावात बळी अजून चालू होते, आणि त्या बळींच्या कामात ऐकणाऱ्यांचाच वंशपरंपरेने वाटा होता.

गावकीचा बळी

दसऱ्याला रेडा मारायचा, तो आधी वाजतगाजत फिरवायचा, पटकीची साथ आली की मरीआईला बोकड-कोंबडे द्यायचे, तिचा गाडा शिवेबाहेर काढायचा. अनेक गावांत या कामांत महार आणि मांग या दोन्ही समाजांच्या ठरलेल्या जबाबदाऱ्या होत्या, ठरलेले मान होते, आणि त्या मानावरून आपसांत तंटेही होत. बाहेरून पाहणाऱ्याला हा निव्वळ देवधर्म वाटेल. आतून ती गावकी होती. येसकराची पाळी, मेलेले ढोर ओढणे, निरोप पोचवणे, सरकारी माणूस आला की त्याची सरबराई आणि रेड्याचे काम ही सगळी एकाच दोरीत बांधलेली. त्या बदल्यात खळ्यावरचे बलुते, सणाची भाकर, मेलेल्या जनावराचे मांस आणि कातडे.

अशा माणसाला कोणी सांगितले, की बळी एकदाच झाला आणि आता दुसरा लागत नाही, तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न परलोकाचा उभा राहत नाही. येत्या दसऱ्याला दावे धरायचे की नाही, हा प्रश्न उभा राहतो. नाही म्हटले की बलुते बंद. सरपणाला बंदी, चराईला बंदी, वस्तीवर रोष. त्या वर्षी साथ आली, तर खापरही त्याच्याच डोक्यावर. देवाला शरण जाणे याचा अर्थ इथे गावापुढे ताठ उभे राहणे असा झाला. माझ्या मते मराठवाड्याने ख्रिस्ती विचाराला दिलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि तिची नोंद धर्मशास्त्राच्या वर्गात होत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. पश्चिमेकडच्या पुस्तकांत देवाची अधीनता म्हटली की राज्यकर्त्यांच्या, मालकाच्या, नवऱ्याच्या अधीनतेकडे वाट सहज वळते. इथल्या पहिल्या पिढीने ती वाट उलट दिशेने चालून दाखवली होती. एका धन्यापुढे मान तुकवली, म्हणून बाकीच्या धन्यांपुढची मान वर झाली.

तरीही मिशनने या नकाराला जे नाव दिले, त्यातून पुढचा गुंता झाला. मिशनच्या लेखी रेड्याच्या कामात राहणे ही मूर्तिपूजा होती, आणि मूर्तिपूजा म्हणजे पाप. मेलेल्या ढोराचे मांस खाणे हेही अशुद्ध, म्हणून तेही सोडायचे. सोडणे योग्यच होते. पण पापी ठरला कोण? ज्याच्यावर ते काम पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले, तो. ज्यांनी लादले, ते उपासनेच्या घरात नव्हतेच, त्यामुळे त्यांच्या पापाविषयी उपदेश कोणाला करणार? पुढे 1927 च्या महाड परिषदेत मृत मांस सोडा, असे आवाहन झाले, तेव्हा त्यामागचे कारण स्वाभिमानाचे होते. कृती तीच. मिशनच्या उपदेशात ती सोडणारा गुन्हेगार म्हणून सुटत होता, महाडच्या भाषणात तो अन्याय सोसलेला माणूस म्हणून उभा राहत होता. या दोन कारणांमधली दरी आजवर बुजलेली नाही, आणि या टिपणाचा बाकीचा सगळा मजकूर तिच्याच काठाने जातो.

बेथेलचा निर्णय

ज्या निर्णयावर सगळ्यात जास्त बोलायला हवे, तो जालन्याजवळचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका स्कॉटिश मिशनसाठी काम करणाऱ्या मराठी पाळकाने निजामाच्या दिवाणांकडून जमीन मिळवली आणि नव्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी वेगळे गाव वसवले. गावाचे नाव ठेवले बेथेल. बायबलमधला याकोब घर सोडून निघाला आणि धोंडा उशाला घेऊन जिथे झोपला, त्या जागेला त्याने दिलेले हे नाव. घरे, शेते, विहिरी, शाळा, प्रार्थनेची जागा असे ते पूर्ण गाव होते.

वेगळे गाव कशासाठी, याचे उत्तर वर आलेच आहे. बलुते खाऊन बलुत्याचे काम नाकारता येत नाही. गावच्या खळ्यावर पोट असेल, तर गावच्या रेड्याला नकार किती दिवस टिकणार? स्वतःची जमीन, स्वतःचे पाणी असेल तर माणूस आपल्या विश्वासाप्रमाणे वागू शकेल, असा तो विचार होता. त्यात दम होता. ज्या काळात गावठाणाबाहेरच्या माणसाला जमिनीचा तुकडा मिळणे स्वप्नात नव्हते, त्या काळात वस्तीवरची माणसे कुळे म्हणून, शेतकरी म्हणून उभी राहिली. शिवाय महार आणि मांग या दोन समाजांतली माणसे एका गावात, एका पाण्यावर, एका प्रार्थनेच्या घरात आणणे ही लहान गोष्ट नव्हती. मराठी मुलखातल्या कितीतरी मंडळ्यांत, म्हणजे ठिकठिकाणच्या ख्रिस्ती समूहांत, प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीचा) प्याला एकच असावा की नाही, यावर या दोन समाजांत कुरबुरी झाल्या आहेत. ख्रिस्ताचे रक्त सर्वांसाठी सांडले, हे गाणे म्हणून झाल्यावर एकाच प्याल्याला ओठ लावायचे, तिथे गाडे अडत असे. वेगळ्या गावाने हा पेच रोजच्या आयुष्यात आणून सोडवण्याचा प्रयत्न केला.

विरुद्ध बाजूही तेव्हापासून बोलली जात आली आहे. एक म्हणजे, जुने गाव जसे होते तसेच राहिले. नकार देणारा माणूस निघून गेला, की गावाला उत्तर द्यावे लागत नाही. रेड्याचे दावे त्याच्या चुलत्याच्या हाती जाते आणि दसरा पार पडतो. दुसरे म्हणजे, धनी बदलला पण धनीपण राहिले. जमीन मिळवणारा, उपदेश करणारा आणि शिस्त लावणारा एकच. आपल्या पायाखालची जमीन ज्याच्या हातात, त्याच्याचपुढे पाप कबूल करायचे, तर ती कबुली मोकळ्या मनाने कशी होणार? अनुताप आणि कूळ म्हणून असलेली भीती वेगळी काढणे अवघड होते. मिशनला मायबाप म्हणण्याची जी सवय पुढच्या दोन-तीन पिढ्यांना लागली आणि परदेशी मदत आटल्यावर जिने मंडळ्यांना हतबल केले, तिची बीजे अशा वसाहतींमध्ये होती.

मी हे लिहिताना तटस्थ नाही. माझे मन जुन्या गावातच राहून नकार देणाऱ्यांकडे ओढ घेते. अशी माणसे संख्येने जास्त होती, कारण बेथेलसारख्या वसाहतीत सगळ्यांना जागा कुठून असणार? बहुतेक ख्रिस्ती कुटुंबे आपापल्या गावच्या वस्तीवरच राहिली. त्यांच्या नकाराचे कोणी अहवाल लिहिले नाहीत. बेथेलचे अहवाल मात्र स्कॉटलंडपर्यंत गेले. तरीही त्या पाळकाला झटकून टाकणे मला जमत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या आयुष्यात घराबाहेर पडण्याची किंमत कोरलेली होती.

1843 साली मुंबईत दोन ब्राह्मण भावांचे प्रकरण गाजले. थोरल्याने बाप्तिस्मा घेतला. धाकटा बारा वर्षांच्या आसपासचा. तो मिशनऱ्यांकडे राहिला, त्यांच्या घरचे जेवला, पण त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. मग प्रश्न उभा राहिला, की प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यायचे की नाही. मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या आद्य संपादकाने त्याला परत घेण्याची बाजू लावून धरली. मुंबई-पुण्याच्या शास्त्री मंडळींत तट पडले, आणि प्रायश्चित्त होऊनही वाद शमला नाही. एका पोराने परक्याच्या घरी अन्न खाल्ले, ते पुसले जाऊ शकते का, एवढाच प्रश्न; त्यासाठी सगळा समाज ढवळून निघाला. त्या प्रकरणातला थोरला भाऊ म्हणजेच पुढे जालन्याला आलेला पाळक. क्षमा कोण देतो, ती किती महाग असते आणि परत फिरण्याचा रस्ता कसा बंद होतो, हे त्याने पुस्तकातून शिकलेले नव्हते. 1891 साली समुद्रप्रवासात त्याचे निधन झाले.

मंडळीबाहेर आणि मंडळीत

परत फिरण्याचा प्रश्न मंडळ्यांपुढे वारंवार येत होता. साथ आली, घरातले पोर तापाने फणफणले, आणि म्हातारीने गुपचूप मरीआईला कोंबडे दिले. लग्नात जुने विधी झाले. कोणी बलुत्यासाठी पुन्हा रेड्यापुढे चालला. अशा वेळी पाळक आणि पंच त्या माणसाला प्रभुभोजनापासून काही काळ दूर ठेवत. मग त्याने सर्वांसमोर उभे राहून चूक कबूल करायची आणि मंडळीने त्याला पुन्हा घ्यायचे. पंचांकडून मंडळी चालवणाऱ्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या शिस्तीची ही पद्धत स्कॉटलंडमधून आलेली. तिचा हेतू माणसाला परत आणण्याचा होता. पण इथे गावच्या पंचांपुढे पिढ्यान्‌पिढ्या हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसाला मंडळीच्या पंचांपुढेही तसेच उभे राहावे लागले. ती क्षमा त्याला देवाच्या दयेसारखी वाटली की पाटलाच्या माफीसारखी, हे त्या नोंदवह्यांतून कळत नाही.

वैजापूर-गंगापूरच्या पट्ट्यात, घोगरगावच्या आसपास, 1890 च्या दशकापासून नागपूरकडून आलेले कॅथलिक धर्मगुरू काम करू लागले, तेव्हा लोकांना दुसरी पद्धत दिसली. पापनिवेदन धर्मगुरूच्या कानात, एकट्याने. चारचौघांत उभे राहण्याची लाज नाही. प्रोटेस्टंट मिशनांनी आपसांत जिल्हे-तालुके वाटून घेतले होते. कॅथलिक त्या वाटणीत सामील नव्हते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी एकमेकांवर माणसे ओढून नेल्याचे आरोप झाले. मूळ वाद मात्र बळीचाच होता. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची वेदीवरची मुख्य उपासना, हे बलिदान आहे, असे कॅथलिक शिकवण सांगते. प्रोटेस्टंट उपदेशक म्हणत, की एकदाच झालेला बळी वेदीवर रोज कसा होईल? कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने 1562 मध्येच मांडणी केली होती, की मिस्सामध्ये अर्पण होते ते क्रुसावरचेच, फक्त अर्पण करण्याची रीत वेगळी. ते स्पष्टीकरण खेड्यात कितपत पोचले, याविषयी मी साशंक आहे. ज्याने कालपर्यंत मरीआईचा बळी पाहिला, त्याला वेदी, अर्पण, रक्त हे शब्द ओळखीचे वाटले असणार, आणि त्यातच त्या उपासनेचे बळ होते.

इथे कीर्तन-भजनांचाही उल्लेख करायला हवा. 1860 च्या दशकात अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तने सुरू झाली, आणि 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या एका मराठी कवीच्या भजनांनी पुढे मराठी मंडळ्यांची गाणीच बदलली. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, पैठणचे एकनाथ यांच्या मुलखात शरण जाणे ही गोष्ट कोणाला शिकवावी लागत नव्हती. ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारणाऱ्या त्या भजनांत बलिदान म्हणजे लेकरासाठी झिजणारी माया झाली. कर्ज फेडणे, शिक्षा भोगणे ही कोर्टकचेरीची भाषा मागे सरली. उपदेशाच्या व्यासपीठावर मात्र ती राहिली. गाण्यात एक देव आणि उपदेशात दुसरा, अशी फारकत मराठवाड्यातल्या कितीतरी मंडळ्यांत आजही ऐकू येते.

येवला, नागपूर आणि 1950 चा आदेश

ऑक्टोबर 1935 मध्ये येवल्यात डॉ. आंबेडकरांची धर्मांतराची घोषणा झाली. येवला नाशिक जिल्ह्यात असले तरी वैजापूरची शीव तिथून लांब नाही. मिशनांच्या आशा उंचावल्या. पुढची एकवीस वर्षे काय घडले, ते सर्वांना माहीत आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा झाली आणि त्यानंतर अठरा दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. एकाच वस्तीत, काही ठिकाणी एकाच घरात, आता बौद्ध आणि ख्रिस्ती शेजारी राहू लागले.

नव्या धम्मात पापक्षमा नव्हती, कारण क्षमा करणारा देवच नव्हता. माणसाने स्वतः जागे व्हायचे, स्वतः उठायचे. पूर्वीच्या देवांना यापुढे मानणार नाही, असे प्रतिज्ञांत होते. ख्रिस्ती शेजाऱ्याला याचे उत्तर देणे भाग पडले. तुमचा देव तुम्हाला पापी म्हणतो, आम्ही तर पाप केलेच नाही, पाप आमच्यावर झाले, हा सवाल मराठवाड्यातल्या ख्रिस्ती तरुणांनी वस्तीवर, कॉलेजात, नोकरीच्या ठिकाणी ऐकला आहे. मंडळ्यांनी बराच काळ त्याला उत्तर दिले नाही. त्या ऐवजी नम्रता, सहनशीलता, दुसरा गाल पुढे करणे यांवरचे उपदेश वाढले. 1978 मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर दलित वस्त्या पेटल्या, तेव्हा क्षमेवरचा उपदेश ऐकणे किती कठीण गेले असेल, याची कल्पना करता येते. ज्याने घर जाळले त्याने क्षमा मागितलेली नाही, आणि ज्याचे जळले त्याला क्षमा करण्याचा आग्रह.

याच काळात कागदाचा पेच घट्ट होत गेला. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. परिणाम सर्वांना ठाऊक आहे आणि सर्व जण त्याविषयी हळू आवाजात बोलतात. अनेक घरांत शाळेच्या दाखल्यावर एक नोंद आणि मंडळीच्या नोंदवहीत दुसरी. काही उपदेशक याला ख्रिस्ताला नाकारणे म्हणतात आणि पेत्राने कोंबडा आरवण्याआधी तीनदा केलेल्या नकाराची आठवण देतात. मला हा न्याय वाटत नाही. पेत्राला कोणी त्याच्या जन्माची जात पुसून दाखव, असे म्हटले नव्हते. वस्तीच्या बाहेरचे जग त्या मुलाला ख्रिस्ती झाला म्हणून वरच्या ओळीत बसवत नाही. हिणवताना जात जुनीच, शिष्यवृत्ती मागताना मात्र ती गेली म्हणायचे. 2007 साली एका राष्ट्रीय आयोगाने हा दर्जा धर्माशी जोडू नये, अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दक्षिणेतल्या एका प्रकरणात, फक्त आरक्षणासाठी धर्म बदलल्याचे सांगणे ही राज्यघटनेशी फसवणूक आहे, असे म्हटले. त्यानंतर मंडळ्यांतला हा प्रश्न अधिकच दबला. कबुली दिली तर नोकरी जाते, न दिली तर प्रभुभोजनाला जाताना मन खाते. पापक्षमेच्या उपदेशाची इतकी खरी परीक्षा दुसरीकडे कुठे होत असेल, असे मला वाटत नाही.

पाणी आणि सेवक

1972 च्या दुष्काळाने बलिदानाच्या कल्पनेला वेगळे वळण दिले. जालन्याच्या मिशनमध्ये काळ्या पाषाणात विंधनविहीर घेण्याचे यंत्र आणि खेड्यात टिकेल असा हातपंप यांवर काम झाले होते. जालना पंप म्हणून ओळखला गेलेला तो पंप पुढे सोलापुरात सुधारला, आणि त्या वाटेने इंडिया मार्क टू हा पंप तयार झाला. नंतर जगातल्या कितीतरी देशांत खेड्यांची तहान त्याने भागवली. पंपाच्या दांड्याशी दुष्काळात सगळ्या जाती एका रांगेत उभ्या राहायच्या, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पाणवठ्याचे तंटे पंपावरही झाले. पण मिशनने खणलेल्या विहिरीचे पाणी गावाने प्यायले, हे खरे. मंडळ्यांच्या उपदेशात त्या वर्षांनंतर त्याग, सेवा हे शब्द रक्ताच्या बळीपेक्षा जास्त ऐकू येऊ लागले.

1981 मध्ये बंगळुरूच्या एका धर्मशास्त्र महाविद्यालयात एका मराठी अध्यापकाने व्याख्यान दिले. भारतातला ख्रिस्ती विचार ब्राह्मणी चौकटीत अडकला आहे आणि तो शूद्रांच्या, दलितांच्या अनुभवातून पुन्हा मांडायला हवा, हा त्याचा गाभा. दलित धर्मशास्त्र म्हणून जो प्रवाह पुढे ओळखला गेला, त्याची सुरुवात तिथून धरतात. त्या अध्यापकाने बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या 53 व्या अध्यायातला दुःख सोसणारा सेवक घेतला आणि म्हटले, की देव स्वतःच सेवक आहे, हलकी मानलेली कामे करणाऱ्यांच्या जातीचा आहे. बळीकडे पाहण्याची दिशाच यातून बदलते. क्रुसावर लटकलेला वरच्या न्यायाधीशाचे समाधान करत नाही. तो वेशीबाहेर मारला गेलेला आहे, मेलेले ढोर ओढणाऱ्यांबरोबर उभा आहे. महाडने जे म्हटले आणि मिशनने जे म्हटले, त्या दोघांना जोडणारा हा पहिला गंभीर प्रयत्न होता. माझ्या मते तो मंडळ्यांपर्यंत पुरता पोचला नाही. उपदेश तयार करणारे पाळक परीक्षेत तो शिकतात आणि व्यासपीठावर पुन्हा जुन्या नम्रतेकडे वळतात.

मातीच्या वेळी

गेल्या पंचवीस वर्षांत बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी या जिल्ह्यांतल्या शेतकरी आत्महत्यांनी हे सगळे जुने प्रश्न एकदम उघडे केले. चर्चची जुनी भूमिका कठोर होती. इंग्रजांच्या चर्चच्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकात स्पष्ट सूचना आहे, की स्वतःच्या हाताने जीव घेतलेल्यासाठी अंत्यविधीची उपासना वापरू नये. औरंगाबादच्या अँग्लिकन, म्हणजे याच चर्चच्या, कामाला हेच पुस्तक लागू होते. कॅथलिक चर्चच्या 1917 च्या कायद्याने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारले होते. 1983 च्या नव्या कायद्यातून ते कलम गेले, आणि 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथाने सांगितले, की अशा माणसाच्या तारणाविषयी निराश होऊ नये, चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करते. आज दफन नाकारण्याचा प्रश्न क्वचित येतो. बोलायचे काय, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो.

देवाची इच्छा होती, असे म्हटले तर कर्ज, पडलेला भाव, गेलेला पाऊस हे सगळे देवाच्या माथी. त्याने पाप केले, असे म्हटले तर समोर बसलेली बायको आणि पोरे. काही जण म्हणतात, त्याने घरासाठी जीव दिला. राज्य सरकारकडून पात्र ठरलेल्या घराला एक लाख रुपयांची मदत मिळते, आणि आपण गेलो तर निदान तेवढे तरी घराला मिळेल, असा विचार करणारे असतात, हे गावात कोणापासून लपलेले नाही. इथे इब्री पत्राचे ते जुने वाक्य पुन्हा उभे राहते. बळी एकदाच झाला असेल, तर बापाने घरासाठी बळी जायला नको होते, आणि कोणत्याही घराला कोणत्याही बापाचा बळी लागता कामा नये. मातीच्या वेळी हे बोलणारे पाळक मी ऐकले आहेत. ते मेलेल्याला दोष देत नाहीत. येशूला जन्मांधाविषयी शिष्यांनी विचारले होते, की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? त्याने दोन्ही पर्याय नाकारले. योहानाच्या शुभवर्तमानातला हा नववा अध्याय अशा वेळी वाचला जातो, तेव्हा ऐकणाऱ्यांचे खांदे सैल पडतात.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला दाखला मात्र क्वचित वाचला जातो. राजाने ज्याचे डोंगराएवढे कर्ज सोडले, त्या चाकराने आपल्या सोबत्याचा किरकोळ उधारीसाठी गळा धरला, ही ती गोष्ट. ती वाचायची तर व्याजाने पैसे देणाऱ्यांकडे बोट जाते, आणि असे लोक मंडळीतही बसलेले असतात; काही ठिकाणी पंचांच्या बाकावर. मंडळीच्या शिस्तीत मूर्तिपूजा, दारू, व्यभिचार यांसाठी प्रभुभोजनापासून दूर ठेवल्याचे दाखले वर्षानुवर्षांचे आहेत. व्याजासाठी कोणाला दूर ठेवल्याचे फारसे ऐकिवात नाही.